श्रावणबाळ पेन्शनचा अर्ज कसा करायचा, आणि अडकला तर कुठे विचारायचं

घरातलं कोणी ६५ च्या पुढे गेलं की सगळे सांगतात श्रावणबाळचा फॉर्म भरा, पण नेमकं कुठे आणि काय लागतं ते कोणी धड सांगत नाही, म्हणून लिहितोय.

महाराष्ट्र सरकारची योजना आहे, महिन्याला १,५०० रुपये मिळतात, जुलै २०२३ च्या आधी हजारच होते. वय ६५ पूर्ण पाहिजे, राज्यात किमान १५ वर्षं रहिवास पाहिजे आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत. आता २१ हजारात वर्ष कसं काढायचं ते अट घालणाऱ्यालाच माहीत! दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर त्या १,५०० मधला थोडा वाटा केंद्राचा असतो, हातात येतात तेवढेच.

अर्ज तहसीलच्या संजय गांधी योजना शाखेत किंवा सेतूत. सोबत आधार, रेशनकार्ड, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, पासबुकची झेरॉक्स, फोटो. तलाठी चौकशी करतो, मग तालुक्याची समिती मंजूर-नामंजूर ठरवते.

खरी गोची वयाच्या पुराव्यात होते. आमच्या शेजारच्या काकूंच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, साल अंदाजे टाकलेलं, त्या हिशोबाने वय ६१ आणि मतदार यादीत ६८. अर्ज परत आला. जन्माचा दाखला नसला तर ग्रामीण किंवा सरकारी रुग्णालयाचा वयाचा दाखला चालतो, पण आधी आधारवरची तारीख बघून घ्या, नाहीतर हेलपाटे ठरलेले. आणि खात्याला आधार लिंक आहे का ते बँकेत विचारून या, पैसे आता डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येतात. मंजूर झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, तो विसरला की पेन्शन बंद.

अर्ज देताना पोच घ्याच, आवक नंबर आणि शिक्क्यासकट. काकूंना सहा महिने "साहेब मीटिंगला गेलेत" एवढंच ऐकायला मिळालं, कारण हातात कागद नव्हता.

पोच असेल तर आधी आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाका. तिथून गोलमाल उत्तर आलं तर त्याच तहसील ऑफिसात माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, फक्त यादीतल्या नावाचा पुरावा जोडायचा. अर्ज १५० शब्दांच्या आत, एकाच विषयावर. "माझा अर्ज का अडवला" असं विचारू नका, "का" ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत म्हणून हात वर करतात. त्यापेक्षा असं लिहा: अमुक आवक नंबरचा अर्ज आज कोणाच्या टेबलावर आहे, कुठल्या तारखेपासून, आणि ज्या समितीच्या बैठकीत तो ठेवला तिच्या इतिवृत्ताची (बैठकीत काय ठरलं त्या नोंदीची) प्रत द्या. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच ऑफिसच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, त्याला २० रुपयांचं स्टॅम्प.