कुंडलिनी जागी झाली की मेनिया सुरू झाला?

ध्यानाच्या शिबिरातून परतलेला मुलगा नीट झोपत नाही. पाठीच्या कण्यातून काहीतरी गरम वर चढतंय म्हणतो, मधूनच अंगाला झटके येतात. घरात लगेच दोन तट पडतात. मामा म्हणतात, "जागृती झालीय, पोरगं भाग्यवान." काकू म्हणतात, "डोक्यावर परिणाम झालाय, डॉक्टरकडे न्या."

कुंडलिनी, म्हणजे कण्याच्या तळाशी सुप्त मानलेली शक्ती, जागी झाली की मेनिया, म्हणजे मन बेफाम उत्तेजित होण्याचा विकार, सुरू झाला, हे झटके आणि उष्णता यांवरून ठरत नाही. शक्तिपाताच्या, म्हणजे गुरूने शिष्यात शक्ती जागवण्याच्या, परंपरेत अशा झटक्यांना 'क्रिया' म्हणतात, आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात तर जाग्या झालेल्या कुंडलिनीचं शरीरावर काय काय होतं, याचं सविस्तर वर्णन आहे. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी बौद्ध ध्यान करणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या (2017), त्यांतही उष्णता, आपोआप होणाऱ्या हालचाली, भीती, निद्रानाश हे सगळं आलं. भस्त्रिका हा भराभर श्वासाचा प्राणायाम जोरजोरात केल्यावर ओठांभोवती येणाऱ्या मुंग्या तर 'ऊर्जा' म्हणून फार खपतात. भराभर श्वास सोडल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून त्या येतात. बोटंसुद्धा आखडतात.

बघायची ती झोप. ध्यानाने हैराण झालेल्याला झोप हवी असते, ती लागत नाही आणि दिवसभर तो गळून जातो. मेनियातला माणूस दोन-तीन तास झोपून टवटवीत उठतो. पहाटे तीनला मित्रांना फोन लावतो, बोलणं थांबवत नाही, होते नव्हते ते पैसे उधळतो, चालू नोकरीचा राजीनामा देऊन टाकतो.

झोपेच्या खालोखाल शंका. "हे मला काय होतंय? मी वेडा तर होत नाही ना?" असं विचारणाऱ्याचं भान शाबूत आहे. काश्मीरचे गोपी कृष्ण सरकारी कचेरीत कारकून होते. 1937 साली ध्यानाला बसले असताना त्यांना कुंडलिनीचा अनुभव आला, त्यानंतर दाह आणि निद्रानाशाने ते पार खचले, पण आपण वेडे होतोय की काय ही धास्ती त्यांना होती. "मला निवडलंय, तुम्हाला ते कळणार नाही" म्हणणाऱ्याला ती धास्ती नसते, म्हणून त्याची काळजी जास्त.

पण मामा आणि काकू दोघंही बरोबर असू शकतात, आणि खरा धोका तिथेच आहे. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यनेत पहाटे चारला घंटा होते, दिवसाला दहाएक तास बैठक, वर मौन. बहुतेकांना हे झेपतं. पण घराण्यात बायपोलर (मेनिया आणि नैराश्याचे झटके येणारा आजार) किंवा स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा आजार) असेल, तर मोडलेली झोप आणि इतकी तीव्र साधना आजाराला निमित्त ठरू शकते. तिथल्या अर्जात मानसिक आजाराचा प्रश्न असतो. "उगाच नाकारतील" म्हणून तो कोरा सोडणं महागात पडतं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 1994 च्या निदान-पुस्तिकेत 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' ही आजार नसलेली नोंद आली, आणि त्याच पुस्तिकेच्या परिशिष्टात चिगाँग या चिनी ऊर्जा-साधनेतून होणाऱ्या मनोविकाराचीही नोंद आहे. एकाच बांधणीत दोन्ही.

त्यामुळे हे काय आहे त्याचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. ध्यान, प्राणायाम, उपास सगळं बंद. पोटभर जेवण, झोप, थोडं चालणं. नुसत्या साधनेचा त्रास असेल तर तो बहुधा ओसरू लागतो, मात्र काहींना महिनोन्‌महिने पुरतो. आधीपासून गोळ्या चालू असतील तर कुणा गुरुजींच्या सांगण्यावरून त्या सोडू नका; लिथियम हे बायपोलरवरचं औषध अचानक थांबवलं की मेनिया उसळू शकतो. मनोविकारतज्ज्ञाकडे जाल तेव्हा साधना काय आणि किती, तेही सांगा. फोनवर विचारायचं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे. आणि मरणाची भाषा सुरू झाली, किंवा "देवाने असं करायला सांगितलंय" असं त्याच्या तोंडून ऐकू आलं, तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.