माहितीपटाच्या निधी-अर्जाचं बजेट: आकडे कुठून आणायचे

निवड समितीतला वाचक तुमचं बजेट उघडतो, तेव्हा शेजारी तुमची ट्रीटमेंटही (फिल्ममध्ये काय आणि कसं दिसेल याचं लेखी वर्णन) उघडी असते. ट्रीटमेंट म्हणते, चारही ऋतूंत एका कुटुंबासोबत राहून शूट करणार. बजेटमध्ये प्रवासाच्या फेऱ्या दोनच. असा एक विसंवाद सापडला की पुढचे सगळे आकडे तो संशयानेच बघतो. म्हणून कुणी अर्जाचं बजेट घेऊन आमच्याकडे आलं की काम सुरू होतं ते दिवसांच्या यादीपासून. दर सगळ्यात शेवटी भरायचे.

शूटचे दिवस

ट्रीटमेंटमधला एकेक प्रसंग घ्या आणि त्यापुढे ठिकाण, दिवस आणि सोबत लागणारी माणसं लिहा. मुलाखतीत लाइट लावणं, आवाज तपासणं आणि सगळं आवरणं धरलं तर दिवसाला दोन मुलाखती पुरे. प्रवासाच्या दिवसांना वेगळा रकाना द्या. २० दिवसांचं शूट ४ फेऱ्यांत होणार असेल आणि ठिकाण लांब असेल, तर जाण्यायेण्याचे ८ दिवस वर धरावे लागतात. त्या दिवसांत कॅमेरा चालत नाही, पण त्याचं भाडं चालू असतं, माणसांचा भत्ताही चालू असतो. प्रवासाच्या दिवसाचं मानधन पूर्ण द्यायचं की अर्धं, हे आधीच ठरवून टिपेत लिहा.

प्रत्येक ओळ संख्या × दिवस × दर अशीच हवी. ‘प्रवास, एकरकमी’ ही ओळ दिसली की आम्ही ती परत पाठवतो. ‘४ फेऱ्या × ३ माणसं × जाऊन-येऊन भाडं’ असं लिहिलं तर कुणी प्रश्न विचारत नाही, आणि फेरी वाढली तर किती पैसे वाढतील तेही तुम्हाला लगेच कळतं.

फुटेज: इथे सगळ्यात जास्त चुकतं

एक हिशोब मांडून बघू. दोन कॅमेरे, प्रत्येकी रोज ३ तास रेकॉर्डिंग, २० दिवस: म्हणजे १२० तास फुटेज. कॅमेरा सेकंदाला २०० मेगाबिट लिहीत असेल तर तासाला ९० जीबी होतात. १२० तासांचे १०,८०० जीबी, म्हणजे जवळपास ११ टीबी. तीन प्रती ठेवायच्या, त्यातली एक दुसऱ्या जागी. म्हणजे साधारण ३३ टीबीच्या ड्राइव्ह. अर्जांत मात्र ‘हार्ड डिस्क, २ नग’ एवढंच असतं. रोज रात्री कॉपी करून तपासणारं माणूसही धरा. दिवसभर शूट करून थकलेल्या कॅमेरामनवर हे काम टाकलं की कार्ड चुकून फॉरमॅट होतं.

आता हेच १२० तास एडिट टेबलवर. एडिटरने दिवसाला ६ तास नुसतं पाहायचं म्हटलं तरी २० दिवस जातात. पाच दिवसांच्या आठवड्याने ४ आठवडे, आणि अजून एकही कट बसलेला नाही. अशा फुटेजसाठी ‘एडिट: ६ आठवडे’ लिहिलं तर ज्याने कधी माहितीपट कापला आहे तो वाचक हसेल. ८० मिनिटांच्या फिल्मसाठी हे ९० पट फुटेज आहे. प्रसंग घडेल तसा टिपायच्या शैलीत ते अवास्तव नाही, पण मग एडिटचे महिनेही तसेच हवेत. पाहणी, असेंब्ली (निवडलेले शॉट क्रमाने जोडणं), रफ कट, फाइन कट, पिक्चर लॉक (यानंतर कट बदलायचे नाहीत) असे टप्पे पाडून प्रत्येकाला आठवडे द्या. बोलणं एडिटरला न कळणाऱ्या भाषेत असेल, तर टाइमकोडसह (फुटेजमधल्या नेमक्या वेळेच्या नोंदीसह) बोलण्याचं शब्दशः लेखन आणि भाषांतर एडिटच्या आधीच लागतं. ते सबटायटलच्या ओळीत ढकलू नका, तो खर्च वेगळा आहे.

हक्क

जुन्या फुटेजचा दर बहुधा सेकंदावर किंवा मिनिटावर असतो, आणि कुठल्या देशांत, किती वर्षं, कुठल्या माध्यमांत दाखवणार यावर तो बदलतो. किमान किती सेकंद घ्यावेच लागतात, तेही विचारा. पैसे कमी असतील तर आधी महोत्सवांपुरते हक्क घेऊन पुढच्या हक्कांचा दर लेखी ठरवून घेता येतो. गाण्याचे हक्क दोन: रचनेचा एक आणि त्या रेकॉर्डिंगचा दुसरा. एकच घेतला तर गाणं वापरता येत नाही. (एडिटमध्ये ‘तात्पुरतं’ लावलेलं प्रसिद्ध गाणं सगळ्यांना आवडून बसतं आणि बजेट फाडतं. सुरुवातीपासून लावू नका.)

उत्पन्नाची बाजू

खर्च आणि निधीचे स्रोत यांची बेरीज शेवटच्या अंकापर्यंत जुळली पाहिजे. मिळालेले, अर्ज केलेले आणि अपेक्षित पैसे वेगवेगळे दाखवा. स्वतःचा कॅमेरा वापरणार असाल तर तो बाजारभावाच्या भाड्याने खर्चात लिहा आणि तीच रक्कम वस्तुरूप योगदान म्हणून उत्पन्नातही लिहा. एकाच बाजूला लिहिली तर ताळेबंद तुटतो. दिग्दर्शकाच्या मानधनापुढे शून्य लिहू नका. पैसे सोडायचेच असतील तर तेही योगदान म्हणूनच दाखवा, म्हणजे फिल्मची खरी किंमत दिसते.

कंटिन्जन्सी (अनपेक्षित खर्चाची तरतूद) सर्वसाधारणपणे १० टक्के धरतात, पण काही निधी ती कमी ठेवायला लावतात किंवा मान्यच करत नाहीत. आधी नियमावली वाचा. इतर ओळी फुगवून ती लपवली तर लगेच कळतं. अर्जापूर्वी झालेला खर्च आणि उपकरणांची खरेदी हेही अनेक ठिकाणी चालत नाही.

शेवटचा हप्ता बहुधा फिल्म सुपूर्त केल्यावर मिळतो. पण साउंड मिक्स, ग्रेडिंग (रंग जुळवणं), सबटायटल आणि डीसीपीची (थिएटरमध्ये दाखवायच्या डिजिटल प्रतीची) बिलं त्याआधीच येतात. त्या महिन्यांत पैसे कुठून येणार, हे महिनावार रोख-आराखड्यात दाखवा.

पाठवण्याआधी

बेरजेच्या अगदी वर नवी ओळ घातली की स्प्रेडशीटचं सूत्र ती कधीकधी धरत नाही. एकदा कॅल्क्युलेटरवर बेरीज करा. परकीय चलन असेल तर कुठल्या तारखेचा दर घेतला ते लिहा. गोषवाऱ्याचं पान आणि तपशिलाचं पान यांतली एकूण रक्कम एकच आहे ना, तेही बघा.

आमच्याकडे येताना ट्रीटमेंट, ठिकाणांची यादी, आधीच शूट झालेल्या फुटेजचे तास, मिळालेली कोटेशनं आणि निधीची नियमावली आणा. दर अजून ठरले नसले तरी चालेल, दिवस मात्र मोजून आणा.