परत पाठवणीविरोधी मोहीम (तरुण आश्रयार्थींसाठी)

युद्ध, छळ किंवा जिवाच्या भीतीने देश सोडून आलेल्या मुलाला किंवा नुकत्याच सज्ञान झालेल्या तरुणाला सरकारने सक्तीने मायदेशी धाडू नये, यासाठी त्याच्या ओळखीच्या माणसांनी चालवलेला संघटित प्रयत्न. वर्गमित्र, शिक्षक, शेजारी, धर्मस्थळे, कामगार संघटना आणि वकील यांचा त्यात सहभाग असतो. सह्यांची मोहीम, मोर्चा, लोकप्रतिनिधींची पत्रे हे त्याचे दिसणारे रूप. प्रत्यक्षात विमान थांबते ते बहुतेकदा न्यायालयाच्या स्थगितीने किंवा मंत्र्याच्या सहीने. रस्त्यावरची धावपळ वकिलाला हवे असलेले चार दिवस मिळवून देते, आणि ते चार दिवसच अनेकदा निर्णायक ठरतात.

कायद्याचा मूळ आधार १९५१ चा निर्वासितविषयक करार आणि त्याचा १९६७ चा पूरक करार. यातील अनुच्छेद ३३ नुसार जिथे जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल अशा ठिकाणी निर्वासिताला परत पाठवता येत नाही. मुलांच्या बाबतीत १९८९ च्या बालहक्क करारातील ‘बालकाचे सर्वोत्तम हित’ हे तत्त्व जोडीला येते.

अशा मोहिमा अठराव्या वाढदिवसाच्या आसपासच का उभ्या राहतात, याचे उत्तर नियमांत आहे. ब्रिटनमध्ये एकट्या आलेल्या अल्पवयीनाचा अर्ज फेटाळला, पण त्याला परत पाठवण्याजोगी सोय त्याच्या देशात नसली, तर अडीच वर्षे किंवा साडेसतरा वर्षे वय होईपर्यंत, यांतले जे आधी संपेल तेवढ्यापुरता मुक्कामाचा परवाना मिळतो. त्यानंतर नव्याने अर्ज करावा लागतो. म्हणजे मुलगा भाषा शिकतो, शाळेच्या संघातून खेळतो, परीक्षेचा अर्ज भरतो आणि नेमके तेव्हाच त्याचे संरक्षण संपते. त्यातून वयाचाच वाद निर्माण होतो. कागद नसलेला मुलगा सतरा वर्षांचा की एकोणीस, यावर सगळे प्रकरण फिरते.

सर्वांत बोलके उदाहरण ग्लासगोचे आहे. मार्च २००५ मध्ये ड्रमचॅपल हायस्कूलमधील कोसोव्होच्या रोमा समाजातील एका १५ वर्षांच्या मुलीला आणि तिच्या कुटुंबाला पहाटेच्या छाप्यात घरातून उचलून इंग्लंडमधील स्थानबद्धता केंद्रात नेण्यात आले. तिच्या मैत्रिणींनी एका शिक्षकाच्या मदतीने शाळेत सह्या गोळा केल्या, स्कॉटलंडच्या पार्लमेंटपर्यंत धडक मारली आणि तिथल्या फर्स्ट मिनिस्टरला, म्हणजे स्कॉटिश सरकारच्या प्रमुखाला गाठले. आप्रवासनाचा विषय लंडनच्या अखत्यारीत असल्याने त्यांच्या हाती अधिकार काहीच नव्हता. तरीही विषय लावून धरल्यामुळे दबाव वाढला आणि काही आठवड्यांनी ते कुटुंब ग्लासगोला परतले. अधिकार नसलेल्या दारावर धडकण्यालाही अर्थ असतो, हे त्या मुलींना मोठ्यांच्या आधी उमगलेले दिसते.

सगळ्या मोहिमा फळतात असे नाही. श्रीलंकेचे विराज मेंडिस यांनी डिसेंबर १९८६ पासून मँचेस्टरच्या हल्म भागातील चर्चमध्ये दोन वर्षांहून अधिक काळ आसरा घेतला होता. देशभरातून पाठिंबा असूनही १८ जानेवारी १९८९ रोजी पोलिसांनी चर्चमध्ये घुसून त्यांना ताब्यात घेतले आणि पाठोपाठ श्रीलंकेला धाडले. याउलट ऑस्ट्रेलियातील बिलोएला गावाने एका तमिळ कुटुंबासाठी चार वर्षे दम धरला. ऑगस्ट २०१९ मध्ये या कुटुंबाला घेऊन निघालेले विमान न्यायाधीशांनी रात्री फोनवरून दिलेल्या मनाई हुकुमामुळे डार्विनला उतरवावे लागले होते. त्यानंतरही ख्रिसमस बेटावरची स्थानबद्धता कुटुंबाच्या वाट्याला आली. दोन लहान मुलींसह ते घरी परतले जून २०२२ मध्ये.

भारतातील स्थिती वेगळी आहे. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवासन व परदेशी नागरिक कायदा, २०२५ याने घेतली. या दोन्हींत आश्रयार्थी हा वेगळा वर्ग नाही. उरतो तो जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा, संविधानाचा अनुच्छेद २१, जो नागरिकांपुरता मर्यादित नाही. अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे स्पष्ट केले. भुजला स्थानबद्ध असलेल्या १६ आणि १७ वर्षांच्या दोन इराकी मुलांच्या याचिकेवर गुजरात उच्च न्यायालयाने तर परत न पाठवण्याचे तत्त्व अनुच्छेद २१ मध्येच अंतर्भूत आहे, असे म्हटले. अट एवढीच की देशाच्या सुरक्षेला बाधा येऊ नये. मात्र ८ एप्रिल २०२१ रोजी जम्मूतील रोहिंग्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने पाठवणी रोखण्यास नकार दिला आणि केवळ विहित कार्यपद्धती पाळण्याची अट घातली. त्यामुळे आज वकिलाच्या हाती भक्कम कायदा नसून एकमेकांना छेद देणारे निकाल आहेत.

अशी मोहीम भारतातील एखाद्या शहरात कशी उभी राहील, हे पाहायला नाशिकचे उदाहरण घेऊ. नाशिकला परक्या देशातून आलेली मुले नवी नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर येथे वसाहत उभारली. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे ठेवून शिक्षण आणि कसब दिले जाई. आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टनने आपल्या अखेरच्या मोहिमेसाठी इथूनच काही तरुण निवडले. १८७५ च्या सुमारास इथल्या अनेकांना पूर्व आफ्रिकेतील मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउन वसाहतीत हलवण्यात आले. फाळणीनंतर देवळालीच्या छावणीत सिंधी कुटुंबे आली. शरणपूर रस्त्यावरचा तिबेटी बाजार तर नाशिककरांच्या रोजच्या ओळखीचा.

मोर्च्याचीही या शहराला सवय आहे. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहापासून मार्च २०१८ मध्ये मुंबईकडे निघालेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चपर्यंतची परंपरा आहे. बी. डी. भालेकर मैदानावर जमायचे, शालिमार, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) करत जिल्हाधिकारी कार्यालय गाठायचे, शिष्टमंडळाने आत जाऊन निवेदन द्यायचे, ही वाट कार्यकर्त्यांना पाठ असते. पाठवणीच्या प्रकरणात जिल्हाधिकाऱ्यांना निर्णयाचा अधिकार नाही. तो केंद्रीय गृहमंत्रालयाचा. तरी निवेदनाच्या झेरॉक्सवर पडणारा आवक क्रमांकाचा शिक्का, म्हणजे पोच, फार मोलाची असते. ‘प्रशासनाला अमुक तारखेला कळवले होते’ हे उच्च न्यायालयात सांगताना याचिकेला तोच कागद जोडला जातो. नाशिक जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य पीठाखाली येत असल्याने तातडीच्या स्थगितीसाठी वकिलाला मुंबई गाठावी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयात नोंदणी करायची तर त्याहून लांब, दिल्लीला.

आश्रयार्थी अठरा वर्षांखालचा असेल तर बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होऊ शकतो आणि प्रकरण बाल कल्याण समितीपुढे नेता येते. वय ठरवताना कलम ९४ नुसार आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास महापालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यांतले काहीच नसेल तरच हाडांची तपासणी, असा क्रम आहे. बोनाफाईड, हजेरीपत्रकाचा उतारा, मुख्याध्यापकांचे पत्र या गोष्टी मुलगा इथे रुजला आहे हे दाखवतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बालकांना आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो.

परदेशी मोहिमांची नक्कल इथे अडते ती फोटोपाशी. मुलाचा चेहरा छापलेले फलक हे ब्रिटिश मोहिमांचे नेहमीचे हत्यार. भारतात मात्र समितीपुढील चौकशीतल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार मनाई आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर उत्साहाने टाकलेल्या पोस्टरलाही हे लागू पडू शकते. कायदा बाजूला ठेवला तरी मायदेशी मागे राहिलेले आईवडील, भावंडे यांना अशा प्रसिद्धीचा त्रास होऊ शकतो आणि पाठवणी झालीच तर तोच फोटो विमानतळावर मुलाच्या विरोधात जातो. म्हणून नाशिकसारख्या ठिकाणी मोहीम नाव न घेता, कागदांच्या आणि जामीनदार होऊ शकणाऱ्या प्रतिष्ठित माणसांच्या बळावर चालवणे अधिक शहाणपणाचे. चेहरा उघड करायचा का, हे ठरवताना मुलाशी त्याला कळणाऱ्या भाषेत बोलावे लागते, आणि त्यासाठी दुभाषा त्याच्या देशाच्या दूतावासाशी संबंध नसलेला असावा लागतो.