क्लाउडवर नजर ठेवणाऱ्यालाही आधी ओळख लागते

क्लाउडमधले सर्व्हर नीट चाललेत का बघायला मॉनिटरिंग सिस्टम लावतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्या सिस्टमला स्वतःला आत कोण घेतं हे सहसा कुणी विचारत नाही, आणि मला तर खरी गंमत तिथेच वाटते.

ओपनस्टॅकचंच घ्या. २०१० मध्ये नासा आणि रॅकस्पेसने मिळून सुरू केलेलं हे ओपन सोर्स क्लाउड सॉफ्टवेअर, सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतही वापरतात. यात ओळख तपासायचं काम कीस्टोन करतं. युजरनेम-पासवर्ड दिला की ते टोकन, म्हणजे काही वेळापुरता चालणारा डिजिटल पास, देतं, डिफॉल्ट सेटिंगमध्ये हे टोकन एक तास चालतं, आणि पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टसोबत ते दाखवावं लागतं. मोनास्का ही ओपनस्टॅकसाठीची मॉनिटरिंग सिस्टम. तिचा एजंट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, सर्व्हरवर बसून सीपीयू किती वापरला, मेमरी किती, डिस्क किती भरली असले आकडे गोळा करून मोनास्काच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्राम्सच्या रिक्वेस्ट घेणाऱ्या तिच्या खिडकीला, पाठवत राहतो, आणि सोबत टोकन नसेल तर एपीआय ४०१ (ओळख पटली नाही) एरर देऊन सरळ नाही म्हणतं.

म्हणून मोनास्का सुरू करायच्या आधी कीस्टोनमध्ये प्रोजेक्ट (कामाचा गट), युजर, रोल (कुणाला काय करता येईल ते), सर्व्हिस (मोनास्काची नोंद) आणि एंडपॉइंट, म्हणजे एपीआयचा पत्ता, एवढं सगळं नोंदवावं लागतं. एजंटचा रोल वेगळाच असतो, त्याला आकडे फक्त पाठवता येतात, वाचता येत नाहीत. समजा एखाद्या सर्व्हरवरून एजंटचा पासवर्ड चोरीला गेला तरी चोराला त्यातून कुणाचे आकडे बघता येणार नाहीत. फार विचार करून केलेली सोय आहे ही.

आता हे दरवेळी हाताने कोण करणार, म्हणून स्क्रिप्ट, म्हणजे एकापाठोपाठ आपोआप चालणाऱ्या कमांडची फाइल, लिहितात. पण कमांड नुसत्या एकाखाली एक टाकल्या आणि स्क्रिप्ट मध्येच बंद पडली, मग परत चालवली, तर काय होतं? त्याच नावाचा युजर परत बनवायला गेलात तर कीस्टोन ४०९ (हे आधीच आहे) एरर देऊन थांबवतं, हे ठीक, कळतं तरी. सर्व्हिसच्या बाबतीत मात्र ते काहीच बोलत नाही, त्याच नावाची दुसरी सर्व्हिस गुपचूप बनते, एंडपॉइंटचंही तसंच. मोबाइलमध्ये एकाच माणसाचे दोन नंबर सेव्ह असावेत आणि त्यातला एक बंद पडलेला असावा, तसं होऊन बसतं.

म्हणून स्क्रिप्टने आधी बघायचं आणि नसेल तरच बनवायचं. अन्सिबल या असली कामं आपोआप करून देणाऱ्या टूलमधे ओपनस्टॅकची तयार मॉड्यूल मिळतात ती हेच करतात, तुम्ही फक्त शेवटी काय असायला हवं ते लिहायचं, मग दहा वेळा चालवा, काही बिघडत नाही.

पासवर्डकडे मात्र नीट लक्ष द्या. स्क्रिप्ट प्रत्येक वेळी पासवर्ड सेट करत असेल तर कीस्टोन त्या युजरची जुनी टोकन रद्द करतं, आणि पासवर्ड दरवेळी नवा बनत असेल तर एजंटच्या फाइलमधला जुनाच राहतो, सर्व्हर सगळे धडधाकट पण आकडे यायचे बंद. अन्सिबलमधे युजर पहिल्यांदा बनतानाच पासवर्ड सेट करायची सेटिंग आहे, ती आठवणीने लावा.