दोन बिघाडांचा गुणाकार: घरगुती विजेच्या धोक्याची पार्श्वभूमी

गिझरच्या पाण्यातून शॉक बसून कोणी दगावल्याची बातमी आली की नाशिकच्या जुन्या वाड्यांत आणि सिडकोतल्या घरांत चार दिवस बादलीत हात घालताना मन कचरते. पाचव्या दिवशी ‘असे लाखात एखाद्याच घरी होते’ म्हणून विषय मिटतो. हा लाखाचा आकडा कोणी मोजलेला नसतो. देशात शॉक लागून दरवर्षी दहा हजारांहून अधिक मृत्यू नोंदले जातात, पण त्यांत शेतातले पंप आणि रस्त्यावर तुटलेल्या तारा यांचेही बळी असल्याने घरातला धोका त्यावरून काढता येत नाही. ‘लाखात एक’ यामागे खरे तर एक जुना हिशोब आहे: गिझरची कॉइल फुटणे आणि अर्थिंग (गळलेली वीज जमिनीत नेणारी तार) तुटलेले असणे हे दोन बिघाड जुळून यावे लागतात, म्हणून दोन्ही शक्यतांचा गुणाकार करायचा.

या हिशोबाची मुळे फ्यूजमध्ये आहेत. फ्यूज घरात आला तो तारा तापून आग लागू नये म्हणून, माणसासाठी नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅलझिएल यांनी 1940च्या दशकात स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत, पकडलेली तार स्वतःहून सोडता येण्याची पुरुषांची मर्यादा सरासरी 16 मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचे 16 हजारांश, निघाली. 16 अँपिअरच्या फ्यूजला त्या प्रवाहाचा पत्ताही लागत नाही. माणूस वाचवण्याचा भार त्यामुळे अर्थिंगवर आला: गळलेली वीज त्यातून इतक्या जोराने जमिनीत जावी की फ्यूजच उडावा. परंतु नाशिकखाली दख्खनचा खडक आहे आणि वरची काळी माती वैशाखात भेगाळते, त्यामुळे जमिनीत वीज सहज जात नाही. अर्थिंगचा रोध 20 ओहम झाला तर 230 व्होल्टला जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतात आणि फ्यूज शाबूत राहतो. जिथे अर्थिंगची तार लोखंडी नळालाच गुंडाळलेली होती, तिथे प्लास्टिकचा नळ बसला त्याच दिवशी अर्थिंग गेले. दिवे मात्र लागतच राहिले, त्यामुळे ते गेल्याचे कळायला मार्ग नव्हता.

गुणाकार फसतो तो इथेच. समजा, अर्थिंग तुटण्याची आणि कॉइल फुटण्याची शक्यता वर्षाला प्रत्येकी शंभरात एक आहे. दोन्ही एकाच वर्षी घडण्याची शक्यता दहा हजारांत एक भरते. पण तुटलेले अर्थिंग कोणी तपासत नसेल, तर वीस वर्षांनी ते तुटलेलेच असण्याची शक्यता सुमारे 18 टक्के होते आणि त्या वर्षी धोका साडेपाचशेत एकाच्या आसपास जातो. शिवाय हे बिघाड एकमेकांपासून अलिप्तही नसतात: आषाढातल्या ओलीने जुन्या वायरीच्या आवरणातून वीज गळते, त्याच ओलीने पायाखालची फरशी भिजते आणि शरीरातून जाणारा प्रवाह वाढतो.

डॅलझिएल यांनीच 1961 साली विजेची गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण तयार केले. आपल्याकडे घराघरांत ज्याला ईएलसीबी म्हणतात, ते त्याच तत्त्वावरचे, बहुधा 30 मिलिअँपिअरचे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या 2010च्या नियमांनी ते बंधनकारक केले, मात्र 5 किलोवॅटखालच्या घरगुती जोडण्या वगळल्या, म्हणजे वाड्यातल्या दोन खोल्या नेमक्या बाहेर राहिल्या. पुढे ही मर्यादा खाली आली. उपकरणावर चाचणीचे बटण असते आणि ते दाबल्यावर वीज गेली की घरचे निर्धास्त होतात. वास्तविक ते बटण फक्त उपकरण चालते का एवढेच तपासते, अर्थिंगची तार जागेवर आहे की नाही, हे त्यातून कळत नाही.