वास गेला की काय काय जातं? एका प्रश्नावलीची पार्श्वभूमी

कोविडच्या दिवसांत हिंगाची डबी किंवा कॉफीची बरणी नाकाशी धरून अनेकांनी आपलं नाक तपासलं. पण वास गेल्याने माणसाचं जगणं किती बिघडतं, हे मोजायची खास प्रश्नावली तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची होती.

त्याआधीचं शतकभर मोजलं जायचं ते फक्त नाक. डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेंड्रिक झ्वार्डेमाकर यांनी १८८८ मध्ये गंधमापक बनवला. वास असलेल्या पदार्थाच्या नळीत काचेची नळी सरकवायची. गंधाचा भाग जितका उघडा पडेल तितका वास तीव्र. १९८४ मध्ये अमेरिकेत रिचर्ड डोटी यांनी ४० वासांची पुस्तिका आणली. कागदावरचा पट्टा पेन्सिलीने खरवडायचा, हुंगायचा आणि चार पर्यायांतून एक निवडायचा. पुढे जर्मनीत वास भरलेल्या स्केचपेनांची चाचणी आली, तिचे गुण ४८ पैकी.

या गुणांतून नाकाचं कळायचं, माणसाचं नाही. १९९०च्या दशकात रूढ झालेल्या ३६ प्रश्नांच्या आरोग्य-प्रश्नावलीत अंग दुखतं का, जिना चढता येतो का हे आहे. वासाबद्दल एक अक्षरही नाही. सायनसच्या रुग्णांसाठीच्या २२ प्रश्नांच्या यादीत वास-चवीच्या वाट्याला एकच प्रश्न आला. मग ‘वासच गेलाय ना, जिवाला तर काही नाही’ असं ऐकून रुग्ण घरी परतला, तर नवल काय?

व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये २७८ रुग्णांच्या तक्रारी मांडल्या. स्वयंपाक जमत नाही, मन उदास राहतं, भूक लागत नाही, नासलेलं अन्न तोंडात जातं. स्वतःच्या अंगाला वास येत असेल का, ही धास्तीही त्यात होती. ती कुणाला बोलून दाखवणंही अवघड.

२००५ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे संशोधक योहानेस फ्रास्नेली आणि थॉमस हुमेल यांनी अशा तक्रारींची विधानं करून ती खास प्रश्नावली बनवली आणि रुग्णाने प्रत्येकाशी किती सहमत हे सांगायचं ठरवलं. लोक चारचौघांत बरं दिसेल असं उत्तर देतात, हे ओळखून ते पकडणारी काही विधानंही त्यांनी मुद्दाम घातली. मला ही त्यांची सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. या प्रश्नावलीतून एक महत्त्वाचं सत्य हाती आलं: ज्यांना वास कमी येतो त्यांच्यापेक्षा ज्यांना वास विकृत येतो, त्यांचे हाल जास्त. असा विकृत वास येण्याला वैद्यकात पॅरोस्मिया म्हणतात. कोविडनंतर असंख्य लोकांना तो भोगावा लागला. कांदा-लसणाची फोडणी, कॉफी, अंडं, सगळ्याला सडका दर्प. नाक काम करतंय, चाचणीत गुणही मिळतात, आणि समोरचं ताट मात्र सरकवावं लागतं.

या प्रश्नावलीची पुढे अनेक भाषांत रूपांतरं झाली. पण शब्द बदलून भागत नाही. अमेरिकी पुस्तिकेतला रूट बिअर या तिथल्या गोड शीतपेयाचा वास इथल्या कित्येकांनी कधी घेतलेलाच नसतो. ‘पूर्वीपेक्षा मी रेस्टॉरंटमध्ये कमी जातो’ हे विधान गावाकडच्या आजीपुढे ठेवून काय कळणार? तिला विचारायला हवं, की तव्यावरची भाकरी करपली तर कळतं का, दूध नासलंय का हे सुनेला विचारावं लागतं का, आणि मांडीवर घेतलेल्या नातवाच्या टाळूचा वास अजून येतो का.