ओव्याचं फूल झाडावर लागत नाही

काष्ठौषधींच्या दुकानातून तीन पुड्या बांधून आणा: कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल. तिन्ही पांढरे, कोरडे खडे. काचेच्या कोरड्या बाटलीत सारख्या वजनाने घाला, बूच लावा आणि हलवत राहा. पाण्याचा थेंब नाही, खाली जाळ नाही. तरी थोड्या वेळात खडे घाम फुटल्यासारखे ओले होतात, एकमेकांना चिकटतात, आणि बघता बघता बाटलीत फक्त तेलासारखा द्रव उरतो. अमृतधारा म्हणतात ती हीच.

आधी नावाचा घोळ निस्तरू. ओव्याला फुलं येतात, छत्रीसारख्या पांढऱ्या झुपक्यात. पण दुकानातलं ‘ओव्याचं फूल’ ते नव्हे. ओव्याचं सुगंधी तेल काढून थंड केलं की त्यात स्फटिक धरतात, तेच हे फूल. जस्ताचं फूल म्हणतात ना, तसं. रसायनशास्त्रात याचं नाव थायमॉल. पुदिन्याचं फूल म्हणजे मेन्थॉल. आणि ओवा म्हणून आपण जे चावतो तेही बी नसून फळ आहे. त्याच्या सालीत उभ्या तेलनलिका असतात. तळहातावर ओवा चोळल्यावर जो झणका येतो तो या नलिका फुटल्याचा. तुळशीच्या आणि पुदिन्याच्या पानांवर यासाठी इवल्या ग्रंथी असतात, लिंबाच्या सालीत तेलाच्या पिशव्या.

या तेलांना तेल म्हणणं ही भाषेची सवय आहे. कागदावर एक थेंब तिळाचं तेल टाका, शेजारी एक थेंब ओव्याचं. तिळाचा डाग वर्षभर राहील, ओव्याचा काही वेळात उडून जाईल. तिळाच्या तेलात मोठे, जड रेणू असतात, स्निग्धाम्लांचे. ओव्याच्या तेलातले रेणू इतके लहान की साध्या हवेतही ते निसटतात. निसटतात म्हणून नाकापर्यंत पोचतात. वास येणं म्हणजे पदार्थ थोडाथोडा उडून जाणं, एवढाच त्याचा अर्थ.

आता त्या तीन खड्यांकडे वळू. थायमॉलमध्ये १० कार्बन, १४ हायड्रोजन, १ ऑक्सिजन. कापरात १० कार्बन, १६ हायड्रोजन, १ ऑक्सिजन. मेन्थॉलमध्ये १० कार्बन, २० हायड्रोजन, १ ऑक्सिजन. तिघांत फरक आहे तो हायड्रोजनच्या संख्येचा आणि कार्बनच्या मांडणीचा. थायमॉलच्या रेणूला सहा हायड्रोजन जोडले की हिशेब मेन्थॉलचा होतो, आणि हे नुसतं कागदावरचं गणित नाही. कारखान्यात कृत्रिम मेन्थॉल याच वाटेने बनवतात. ओव्याच्या फुलाचं पुदिन्याचं फूल!

प्रत्येक ठिकाणी दहाच कार्बन का, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांना छळत होता. जर्मनीत बॉन विद्यापीठात ऑगस्ट केकुले यांच्या कपाटात सुगंधी तेलांच्या बाटल्या वर्षानुवर्षं न उघडता पडून होत्या. त्यांचे सहकारी ओटो वालाख यांनी त्या तपासायला मागितल्या आणि पुढची अनेक वर्षं त्यातच घालवली. निरनिराळ्या झाडांच्या तेलांतून वेगवेगळ्या नावांनी नोंदलेले कितीतरी पदार्थ मुळात एकच निघाले, आणि पाच कार्बनच्या आयसोप्रीन नावाच्या विटा जोडून ही सगळी मंडळी बनलेली दिसतात, हे त्या कामातून पुढे आलं. दोन विटा म्हणजे दहा कार्बन. चीडच्या झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या टर्पेंटाइनवरून या कुळाला टर्पीन हे नाव पडलं होतं. वालाख यांना १९१० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एक अपवाद मात्र इथेच सांगायला हवा: लवंगेतल्या युजेनॉलमध्येही दहाच कार्बन आहेत, पण ते या कुळातलं नाही. झाड ते दुसऱ्याच वाटेने बनवतं. संख्या जुळली म्हणजे नातं असतंच असं नाही.

मग तीन घन पदार्थ एकत्र येऊन पातळ का होतात? थायमॉल साधारण ५० अंश सेल्सियसला वितळतं, मेन्थॉल ४२ च्या आसपास, कापूर तर १७५ च्याही पुढे. स्फटिकात सारखे रेणू रांगेत, ठराविक अंतरावर उभे असतात. थायमॉलच्या ऑक्सिजनवर एक हायड्रोजन आहे आणि तो दुसऱ्या कुणाच्या ऑक्सिजनला धरायला उतावीळ असतो. कापराकडे ऑक्सिजन आहे, पण त्यावर हायड्रोजन नाही. त्याला धरून ठेवता येतं, त्याला स्वतःला कुणाला धरता येत नाही. आपल्या भाईबंदांपेक्षा परका अधिक जवळचा वाटला, की रांग मोडते. मोडलेली रांग पुन्हा जुळायची तर सारखे रेणू शेजारी यायला हवेत, आणि मध्ये तर तिसराच उभा. म्हणून मिश्रणाचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाच्याही खाली घसरतो.

झाडातून हे तेल बाहेर कसं काढायचं, यातही एक गंमत आहे. थायमॉल एकटं उकळायला २३० अंशांच्या वर तापमान लागतं. तेवढ्या उष्णतेत ओवा करपून जाईल. पण पाण्याबरोबर उकळलं तर ते १०० अंशांच्या आतच वाफेबरोबर वर येतं. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून दोघं आपापला वाफेचा दाब स्वतंत्रपणे लावतात. दोन्ही दाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की भांडं उकळू लागतं. तेलाचा वाटा छोटा असतो, पण तेवढा पुरतो. वाफ थंड केली की ओव्याचं तेल पाण्यावर तरंगतं. लवंगेचं तेल मात्र पाण्यापेक्षा जड, ते तळाशी बसतं.

अशी तेलं काढणाऱ्या भट्ट्या खानदेशात एकेकाळी जोरात चालत. सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबारच्या बाजूला रोशा गवत वाढायचं. त्याच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर असतं. पुन्हा दहा कार्बन आणि एक ऑक्सिजन, फक्त इथे कार्बन कडं न बनवता लांब साखळीत जोडलेले. जिरॅनिऑल गुलाबाच्या अत्तरातही असतं. इतकी माहिती व्यापाऱ्याला पुरेशी होती. खानदेशातलं तेल मुंबईहून जहाजाने तांबड्या समुद्राकडे जाई, तिथून इस्तंबूलला, आणि तिथून बल्गेरियाच्या महागड्या गुलाबतेलात भेसळ म्हणून शिरे. युरोपात त्याला ‘टर्किश जिरॅनियम ऑइल’ म्हणत. तुर्कस्तानात न उगवणारं गवत, जिरॅनियमशी संबंध नाही, आणि विकलं जाणार गुलाबाच्या नावाने! त्यात या गवताचे दोन प्रकार, मोतिया आणि सोफिया. दिसायला जवळजवळ सारखे; पण मोतियाचं तेल जिरॅनिऑलने भरलेलं आणि सोफियाचं अगदी वेगळं, भाव कमी असलेलं. गवताच्या नावावरून तेल ओळखू गेलेला माणूस इथे हमखास फसे. आज गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात थेंब टाकला की घटकांचा आलेख समोर येतो आणि लबाडी उघडी पडते.

कधीकधी तर मांडणीही तीच असते आणि तरी वास वेगळा येतो. चटणीच्या पुदिन्यातला मुख्य घटक कार्व्होन. बाळंतशेपेतही कार्व्होन. दोन्हींत अणू तेवढेच, जोडणीही तीच. पण डाव्या आणि उजव्या हातासारखे ते एकमेकांचे आरशातले जुळे आहेत. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात बसत नाही. नाकातली ग्राहकं हा फरक ओळखतात, म्हणून एक वास पुदिन्याचा आणि दुसरा बाळंतिणीच्या खोलीतला.

शरीराशी आणि जंतूंशी या रेणूंचं काय चालतं, याची उत्तरं गेल्या काही दशकांत बरीच स्पष्ट झाली. थायमॉल जीवाणूच्या पेशीपटलात घुसतं. पटल स्निग्ध पदार्थाचं, थायमॉलही स्निग्धात विरघळणारं, त्यामुळे शिरकाव सोपा. आत गेल्यावर पटल सैल होतं, पोटॅशियम गळू लागतं, पेशीची ऊर्जा निघून जाते. ओव्याच्या तेलात थायमॉलसोबत सायमीन नावाचा घटक असतो. त्याची एकट्याची मारक शक्ती क्षीण, पण पटल फुगवायचं काम तो करतो. सुडोमोनास कुळातले जीवाणू मात्र बाहेरच्या जादा पटलामुळे या हल्ल्याला सहसा दाद देत नाहीत.

थायमॉल एकेकाळी गंभीर औषध होतं. आतड्यात राहणारे अंकुशकृमी पाडायला ते देत. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९०९ नंतर उद्योगपती रॉकफेलर यांच्या पैशावर चाललेल्या मोठ्या मोहिमेत हेच वापरलं. रोग्याला बजावून सांगत: औषधाच्या दिवशी तेलतूप नाही, दारू तर नाहीच. पथ्याचं कारण साधं होतं. चरबीत आणि दारूत थायमॉल विरघळतं, विरघळलं की आतड्यातून रक्तात जातं, आणि मग कृमीऐवजी रोगीच धोक्यात येतो. या औषधासाठी भारतातला ओवा जर्मनीला जात असे. तिथे थायमॉल काढलं जाई. पहिल्या महायुद्धाने ती वाट तोडली आणि ओवा पिकवणाऱ्या देशाला थायमॉल आपणच काढायची बुद्धी झाली.

मेन्थॉलचं काम वेगळं. ते काहीही थंड करत नाही. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंवर दारासारखं उघडझाप करणारं एक प्रथिन असतं, टीआरपीएम-८. मेन्थॉल ते थेट उघडतं आणि मेंदूला गारव्याची वर्दी जाते. २००२ मध्ये हे प्रथिन सापडलं, आणि स्पर्श-तापमानाच्या अशा शोधांसाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. चोंदलेल्या नाकाला पुदिन्याच्या फुलाने ‘मोकळं’ वाटतं, ते बहुतांशी हेच: नाक तेवढंच बंद असतं, गारवा जाणवतो इतकंच. आतड्याच्या स्नायूंवर मात्र ते खरोखर सैलावण्याचं काम करतं. चिडखोर आतड्याच्या विकारात पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल उपयोगी ठरल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. या कॅप्सूलवर जठरात न विरघळणारा लेप असतो, नाहीतर जळजळ व्हायची.

पण अशा नीट झालेल्या चाचण्या थोड्या. ‘अमुक तेल जंतू मारतं’ या बातम्या बहुधा काचेच्या बशीतल्या असतात. बशीत तेल जंतूवर थेट पडतं. शरीरात ते चरबीत मुरतं, यकृत त्याचं रूप बदलतं, श्वासातून ते उडून जातं. बशीतली मात्रा रक्तात गाठायची तर माणसालाच बाधा व्हायची.

कापराबाबत हे मला ठासून सांगावंसं वाटतं. तान्ह्या बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी अडकवायची पद्धत अजून आहे. कापूर थोडा पोटात गेला तरी लहान मुलांना काही मिनिटांत झटके येऊ शकतात. अमेरिकेत अंगाला लावायच्या औषधांत त्याचं प्रमाण ११ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. देवापुढची वडी घरात रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागणार नाही, अशीच ठेवा. ती वडी आज बहुधा कापराच्या झाडातून आलेली नसतेच. चीडच्या टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनलेली असते. रेणू मात्र तोच, आणि झटके आणायची ताकदही तीच.

सुगंधी तेलांच्या जुन्या बाटल्यांनाही जपायला हवं. लिंबाच्या सालीतलं लिमोनीन किंवा लॅव्हेंडरमधलं लिनॅलूल हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून नवी संयुगं बनवतं आणि त्यांनी त्वचेला ॲलर्जी येते. ताजं तेल ज्याला सोसलं त्याला तीच बाटली वर्षाने खाज आणू शकते. बूच घट्ट, जागा थंड आणि अंधारी.

औषध आणि विष यांच्यातला हा तोल कसा असतो ते मधमाशीपालकांना नेमकं ठाऊक असतं. युरोपीय मधमाश्यांना व्हरोआ नावाचा कोळीवर्गीय परजीवी पछाडतो, आणि त्यावर पेटीत थायमॉल ठेवतात, आपल्या ओव्याचंच फूल. हवा फार थंड असेल तर थायमॉल पुरेसं उडत नाही आणि व्हरोआ जिवंत राहतो. हवा फार तापली तर ते इतकं उडतं की मधमाश्याच पेटीबाहेर येऊन लोंबकळतात.